लगाम कोणाच्या हाती? लष्करी ॲम्ब्युलन्सची जन्मकथा, आकड्यांतून

६०० आणि १४,१९३. दोन्ही आकडे जखमी सैनिकांचे. देश एक, युद्ध एक, बाजूही एकच, आणि मध्ये अंतर अवघ्या दहा महिन्यांचं. लष्करी ॲम्ब्युलन्स नावाची व्यवस्था कशी उभी राहिली हे समजून घ्यायचं तर या दोन आकड्यांच्या मधल्या काळात उतरावं लागतं. मग तिथून मागे नेपोलियनच्या फौजेपर्यंत जावं लागतं, आणि पुढे पुण्याच्या नावाने लढलेल्या एका डिव्हिजनपर्यंत.

पहिला आकडा ७ सप्टेंबर १८६२चा. अमेरिकी यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याचे सर्जन जनरल विल्यम हॅमंड यांनी त्या दिवशी युद्धमंत्री एडविन स्टँटन यांना पत्र लिहिलं. बुल रनची दुसरी लढाई ३० ऑगस्टला संपली होती. तिला आठ दिवस उलटले होते आणि ६०० जखमी अजून रणांगणावरच पडून होते. कित्येक जण उपासमारीने गेले, आणखी कित्येक थकव्याने जातील, आणि हे सगळे हाल टाळता आले असते, असं हॅमंड यांनी मंत्र्यांना स्पष्ट कळवलं. कारणंही त्यांनी दोनच दिली: गाड्या अपुऱ्या, आणि जखमींना हलवण्याची काही रीतच ठरलेली नाही.

दुसरा आकडा गेटिसबर्गचा. १ ते ३ जुलै १८६३ असे तीन दिवस तिथे लढाई चालली. उत्तरेच्या बाजूचे १४,१९३ सैनिक जखमी झाले. आणि ४ जुलैच्या सकाळी, त्या सैन्याच्या ताब्यातल्या भागात, एकही जखमी मैदानावर उरला नव्हता.

या दहा महिन्यांत काय बदललं याचा शोध घ्यायचा तर आधी काय बदललं नाही ते पाहावं. शस्त्रक्रियेचं शास्त्र होतं तिथेच होतं. जखमेत पू होतो तो जंतूंमुळे, ही समज अजून यायची होती. जोसेफ लिस्टर यांचे जंतुनाशक उपचारांवरचे लेख छापले गेले ते १८६७मध्ये. बंदुकीची गोळी तीच होती, मऊ शिशाची, हाडाला लागली की त्याचा चुरा करणारी. गाड्या त्याच, लाकडी, घोड्यांच्या. रस्ते तेच. बदलला तो एक हुकूम, आणि त्या हुकमाने एका खात्याच्या हातातला लगाम काढून दुसऱ्याच्या हातात दिला.

जखमी माणूस किती तासांत उचलला गेला याला एवढं महत्त्व का, याचं उत्तर त्याच युद्धाच्या वैद्यकीय नोंदींत आहे. युद्ध संपल्यावर उत्तरेच्या सैन्याने आपल्या सगळ्या शस्त्रक्रियांचा प्रचंड खटाटोप करून हिशेब मांडला. हात किंवा पाय कापण्याच्या जवळजवळ ३०,००० शस्त्रक्रियांची नोंद झाली. त्यांतले साधारण २६ टक्के रुग्ण दगावले. पण ही सरासरी फोडून पाहिली की खरी गोष्ट दिसते. जखम झाल्यावर पहिल्या ४८ तासांत ज्यांचा अवयव कापला, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण सुमारे २४ टक्के. ज्यांची पाळी त्यानंतर, म्हणजे जखम सुजून पुवाने भरल्यावर आली, त्यांच्यात सुमारे ३५ टक्के. म्हणजे शंभर जखमींमागे ११ माणसं केवळ उशिरापायी गेली. सर्जन तोच, करवत तीच. फरक एवढाच की माणूस टेबलावर केव्हा आला.

हा हिशेब अमेरिकेत आकड्यांत मांडला गेला, पण तो मनाशी आधी मांडला होता एका फ्रेंच सर्जनने, सत्तर वर्षांपूर्वी.

दोमिनिक-जाँ लारे यांचा जन्म १७६६चा, पिरेनीज डोंगरातल्या बोदेआँ या खेड्यातला. १७९२मध्ये ते ऱ्हाईनकाठच्या फ्रेंच फौजेत सर्जन म्हणून दाखल झाले तेव्हा वय होतं २६. त्या वेळचा नियम असा होता की फौजेचं फिरतं इस्पितळ लढाईच्या जागेपासून एक लीग, म्हणजे चार-साडेचार किलोमीटर, मागे असावं. लढाई संपली की जखमी गोळा करायचे आणि मग इस्पितळाने पुढे यायचं. मध्ये सामानाच्या गाड्या, तोफा, पळापळ. या सगळ्यातून वाट काढत इस्पितळ पोहोचेपर्यंत २४ ते ३६ तास जात. फ्रेंचमध्ये 'ॲम्ब्युलन्स' हा शब्द तेव्हा गाडीला नव्हे, या फिरत्या इस्पितळालाच लावत. मूळ लॅटिन धातूचा अर्थ चालणं. चालतं इस्पितळ चालत चालत दीड दिवसाने येई, आणि तोवर बहुतेकांची वाट लागलेली असे.

लारे यांनी त्याच फौजेत घोड्यांवरचा हलका तोफखाना पाहिला होता. तोफ पळत पुढे जाते, मारा करते, पळत मागे येते. तोफ जाऊ शकते तर सर्जन का नाही, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. त्यातून 'उडती ॲम्ब्युलन्स' निघाली. १७९७मध्ये इटलीत तिची पूर्ण रचना ठरली, आणि ती रचना आकड्यांत वाचण्यासारखी आहे. एकूण ३४० माणसांची तुकडी, तिचे तीन भाग. प्रत्येक भागाला १२ हलक्या गाड्या: आठ दोन चाकी, चार चार चाकी. दोन चाकी गाडीत दोन जखमी आडवे झोपू शकत, चार चाकीत चार. म्हणजे एका भागाच्या गाड्यांत एका वेळी १६ अधिक १६, असे ३२ जखमी, आणि तिन्ही भाग मिळून ९६. हजारोंच्या लढाईत ९६ जागा म्हणजे समुद्रात खसखस. पण गाड्या पुन्हा पुन्हा फेऱ्या मारणार होत्या, आणि लढाई चालू असताना मारणार होत्या, तिथेच खरी नवलाई होती.

ती दोन चाकी गाडी जवळून पाहावी अशी आहे. पेटीसारखा लांबट डबा, वर गोलसर छत, दोन्ही बाजूंना लहान खिडक्या, मागे-पुढे दारं. डबा स्प्रिंगांवर टांगलेला, म्हणजे खड्ड्याचा हिसका थेट मोडक्या हाडाला बसू नये. आणि तळाची फळी छोट्या चाकांवर सरकणारी: दार उघडायचं, फळी खणासारखी बाहेर ओढायची, जखमीला तिच्यावर ठेवायचं आणि परत आत सरकवायचं. मोडलेल्या मांडीचा माणूस उचलून वाकवून आत कोंबणं म्हणजे काय यातना असतात हे ज्याने रोज पाहिलं आहे त्यालाच असली फळी सुचते.

मला मात्र गाडीपेक्षा ३४० हा आकडा अधिक बोलका वाटतो. ३६ गाड्यांना ३४० माणसं, म्हणजे एका गाडीमागे नऊहून अधिक. त्यात सर्जन होते, औषधं सांभाळणारे होते, मलमपट्टी करणारे होते, घोडे हाकणारे होते, आणि सगळे एका सर्जनच्या हुकमाखाली. फ्रेंच फौजेत एरवी इस्पितळं, गाड्या आणि घोडे प्रशासनाच्या कमिसारांच्या ताब्यात असत आणि सर्जनला त्यांच्याकडे हात पसरावे लागत. लारे यांनी आपल्या तुकडीपुरता हा प्रकार बंद केला. आधी कोणाला तपासायचं हेही त्यांनी ठरवून टाकलं: ज्याची जखम सर्वांत घातक तो पहिला, मग तो शिपाई असो की सेनापती. आज इस्पितळाच्या अपघात विभागात पाऊल टाकताच जो क्रम लावला जातो, त्याचं मूळ इथे आहे.

इजिप्तच्या मोहिमेत वाळूत चाकं रुतू लागली तेव्हा लारे यांनी उंटांच्या दोन्ही अंगांना झोपायच्या पेट्या टांगल्या. १८१२मध्ये बोरोदिनोच्या लढाईत त्यांनी २४ तासांत जवळपास २०० अवयवच्छेद केले. नेपोलियनने मृत्युपत्रात त्यांच्यासाठी एक लाख फ्रँक ठेवले आणि आपल्याला भेटलेला सर्वांत सदाचारी माणूस म्हणून त्यांचा उल्लेख केला. त्यांच्याच काळातल्या पियेर-फ्राँस्वा पर्सी यांनी आणखी एक दुवा जोडला. त्यांचे स्ट्रेचरवाले १८१३मध्ये रीतसर फौजेत आले. प्रत्येकाच्या हातात भाला, तोच स्ट्रेचरचा दांडा. दोघे एकत्र आले, दोन भाले जोडले, मध्ये कापड ताणलं की स्ट्रेचर तयार.

इतकं सगळं १८१३पर्यंत झालं होतं. तरीही १८६२मध्ये ६०० माणसं आठ दिवस पडून राहिली.

याचं उत्तरही लारे यांच्याच गोष्टीत दडलेलं आहे. त्यांची उडती ॲम्ब्युलन्स मुख्यतः नेपोलियनच्या शाही रक्षकदलापुरती नांदली. साऱ्या फौजेची ती कधीच झाली नाही. एका माणसाच्या वजनावर उभी राहिलेली व्यवस्था त्या माणसाबरोबर आणि त्याच्या सम्राटाबरोबर मागे पडली. १८५४च्या क्रिमियन युद्धात इंग्रजांनी जखमी वाहण्यासाठी म्हाताऱ्या पेन्शनर सैनिकांची तुकडी पाठवली. त्यांना स्वतःलाच सांभाळायची पाळी आली. आल्माच्या लढाईत, २० सप्टेंबर १८५४ला, इंग्रजांचे दीड हजारांहून अधिक जखमी झाले, आणि त्यांना हलवायला पुरेशी साधनं नव्हती. १८५९मध्ये सोल्फेरिनोच्या लढाईनंतर कास्तिल्योने गावात पडलेले हजारो जखमी पाहून हेन्री द्युनाँ या जिनिव्हाच्या व्यापाऱ्याने पुस्तक लिहिलं. त्यातून पुढे रेड क्रॉस निघाला. पण पुस्तकाने गाड्या हलत नाहीत. गाड्या हलवायला हुकूम लागतो.

तो हुकूम निघाला २ ऑगस्ट १८६२ला. आदेश क्रमांक १४७. सही उत्तरेचे सेनापती जनरल मॅक्लेलन यांची, डोकं जोनाथन लेटरमन यांचं. लेटरमन तेव्हा ३७ वर्षांचे होते. महिन्याभरापूर्वीच ते मॅक्लेलन यांच्या सैन्याचे, 'आर्मी ऑफ द पोटोमॅक'चे, वैद्यकीय संचालक झाले होते.

त्याआधीची स्थिती काय होती? ॲम्ब्युलन्स होत्या, पण त्या रसद आणि वाहतूक पाहणाऱ्या क्वार्टरमास्टर खात्याच्या. हाकणारे रोजंदारीवरचे खासगी गाडीवान. गोळीबार सुरू झाला की त्यांतले बरेच पोबारा करत, आणि जखमींसाठी ठेवलेली दारू तेच ढोसत. अधिकारी याच गाड्यांतून आपलं सामान हलवत, फेरफटका मारायलाही नेत. युद्धाच्या सुरुवातीला सैन्याचा भर दोन चाकी गाड्यांवर होता. त्या इतक्या हिसके देत की शिपायांनी 'ॲम्ब्युलन्स'चं 'ॲव्हलांश' करून टाकलं, म्हणजे कोसळणारा हिमकडा. जखमींना उचलायला नेमलं होतं बँडवाल्यांना. तेही प्रसंगी सापडत नसत. मग जखमीला मागे कोण नेणार? त्याचे सोबती.

आणि इथे एक हिशेब आहे जो लेटरमन यांनी सेनापतींना नेमका दाखवला. एक माणूस पडला की त्याला मागे न्यायला दोघे-चौघे रांग सोडून निघतात. त्यांतले सगळे परत येतातच असं नाही. समजा सकाळच्या पहिल्या तासात एका डिव्हिजनचे ५०० जण पडले आणि प्रत्येकामागे दोनच सोबती गेले, तरी शत्रूसमोरून १,५०० बंदुका कमी झाल्या. म्हणून आदेशात सक्त मनाई होती: ॲम्ब्युलन्स दलाच्या माणसांखेरीज कोणीही जखमीला मागे नेणार नाही. दया आणि युद्धनीती या एका कलमात हातात हात घालून चालतात. माझ्या मते आदेश मंजूर झाला तो यामुळे. सेनापतीला जखमीची कणव असेल नसेल, रांग तुटण्याची भीती हमखास असते.

आदेशाचे आकडे असे. प्रत्येक रेजिमेंटमागे तीन ॲम्ब्युलन्स, एक चार घोड्यांची आणि दोन दोन घोड्यांच्या, शिवाय सामानाची एक गाडी. प्रत्येक ॲम्ब्युलन्सला एक हाकणारा, दोन उचलणारे आणि दोन स्ट्रेचर. तीन गाड्यांची नऊ माणसं, सामानगाडीचा एक आणि वर एक सार्जंट, असा जमाखर्च केला तर एका रेजिमेंटच्या वाट्याला ११ माणसं येतात. त्यांच्यावर ब्रिगेडला सेकंड लेफ्टनंट, डिव्हिजनला फर्स्ट लेफ्टनंट, कोअरला कॅप्टन. आणि ही सगळी उतरंड शेवटी वैद्यकीय संचालकाला बांधील. रोजंदारीचे गाडीवान गेले, त्यांच्या जागी सैन्यातलेच शिपाई आले. टोपीभोवती दोन इंच रुंद हिरवी पट्टी आणि बाहीवर हिरवी खूण, म्हणजे गर्दीत कोणीही ओळखावं की हा माणूस इथे असायला हवा की नको. गाड्या एकत्र चालणार. आजारी-जखमींखेरीज दुसऱ्या कामाला वापरायला मनाई. पाण्याची पिंपं रोज भरलेली. आणि कवायत: माणसाला स्ट्रेचरवर कसं घ्यायचं, गाडीत कसं चढवायचं, कसं उतरवायचं, हे रोज करून पाहायचं.

बुल रनला हे सगळं का उपयोगी पडलं नाही? कारण हुकूम पोटोमॅकच्या सैन्यापुरता होता, आणि बुल रनला लढत होतं ते प्रामुख्याने जनरल पोप यांचं सैन्य. त्यांच्या गाड्या अजून जुन्याच खात्याकडे होत्या. २ ऑगस्टला आदेश निघाला, ३० ऑगस्टला शेजारच्या सैन्याचे जखमी त्याच्याविना पडून राहिले. चार आठवड्यांचं अंतर, आणि दोन सेनापतींच्या हद्दींचं.

१७ सप्टेंबरला, म्हणजे हॅमंड यांच्या पत्रानंतर बरोबर दहा दिवसांनी, अँटिटमची लढाई झाली. अमेरिकेच्या इतिहासातला सर्वांत रक्तरंजित एक दिवस: दोन्ही बाजू मिळून सुमारे २३,००० मृत, जखमी आणि बेपत्ता, त्यांत उत्तरेचे जखमी साडेनऊ हजारांच्या आसपास. ॲम्ब्युलन्स दल अजून पुरतं उभंही राहिलं नव्हतं, तरी मैदान एक-दोन दिवसांत रिकामं झालं. पुढे या जखमींना फ्रेडरिक शहरातल्या इस्पितळांत न्यायचं होतं. गाड्यांच्या रांगा ठरल्या वेळी निघत, आणि वाटेत मिडलटाउन गावी थांबवून जखमींना खाऊ-पिऊ घालत. वेळापत्रक आणि वाटेवरचं जेवण. आठ दिवस उपाशी पडलेल्या ६०० जणांनंतर हे वाचताना हायसं वाटतं.

मग गेटिसबर्ग. सुमारे १,००० ॲम्ब्युलन्स, त्यांच्यावर ३,०००च्या आसपास माणसं, आणि ६५० वैद्यकीय अधिकारी. १४,१९३ला १,०००ने भागलं तर एका गाडीच्या वाट्याला १४ जखमी. दोन जणांना झोपवून न्यायचं तर सात फेऱ्या. तीन दिवस आणि रात्रींत सात फेऱ्या, डोक्यावर तोफगोळे. जमणारं गणित आहे, पण गाड्या एका हुकमाखाली असतील तरच. हजार गाड्या हजार मालकांच्या असत्या तर पाचशे पहिल्याच दिवशी मागच्या रस्त्याला लागल्या असत्या.

पण गेटिसबर्गचं चित्र नुसतं उजळ नाही, आणि ते तसं रंगवणं लेटरमन यांच्यावरही अन्याय आहे. आपल्या अहवालात त्यांनी स्वतःच तक्रार नोंदवली आहे. सैन्याचे सेनापती जनरल मीड यांनी लढाईआधी सामानाच्या गाड्या, तंबू आणि वैद्यकीय साठ्यासकट, कित्येक मैल मागे ठेवायला लावल्या. म्हणजे जखमी वेळेवर उचलले गेले, पण त्यांना ठेवायचं कुठे? ४ जुलैला पाऊस सुरू झाला, आणि हजारो माणसं उघड्यावर भिजत पडली. ॲम्ब्युलन्सवर लेटरमन यांचा ताबा होता, तंबूंच्या गाड्यांवर नव्हता, आणि फरक तिथेच दिसला. मग सैन्य दक्षिणेचे सेनापती ली यांच्या पाठलागाला निघालं. पुढच्या लढाईसाठी डॉक्टर हवे होते, म्हणून मागे ठेवले १०६. शत्रूचे मागे राहिलेले ६,८०२ जखमी धरून एकूण जखमी होते २०,९९५. म्हणजे एका डॉक्टरमागे १९८ रुग्ण. हा भागाकार मी कागदावर दोनदा करून पाहिला.

या व्यवस्थेला कायद्याचं बळ मिळायला आणखी काळ गेला, आणि ते मिळवून देण्यात एका बापाच्या दुःखाचा वाटा आहे. बोस्टनचे डॉ. हेन्री बाउडिच बुल रननंतर जखमी आणायला गेलेल्या गाड्यांबरोबर स्वयंसेवक म्हणून स्वतः गेले होते. दारू प्यायलेले, शिवराळ, जखमीला पाणीही न देणारे गाडीवान त्यांनी डोळ्यांनी पाहिले. त्यांनी सरकारकडे दाद मागितली. सरसेनापती हॅलेक यांना ॲम्ब्युलन्सचं वेगळं दल मान्य नव्हतं. आधीच लांबलेल्या गाड्यांच्या रांगा आणखी लांबतील आणि खर्च वाढेल, असं त्यांचं म्हणणं. पुढे १७ मार्च १८६३ला केलीज फोर्डच्या लढाईत बाउडिच यांचा मुलगा, घोडदळातला लेफ्टनंट नॅथनिएल, जखमी होऊन मैदानात पडला. त्याला न्यायला ॲम्ब्युलन्स मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी तो गेला. त्या वर्षी बाउडिच यांनी ॲम्ब्युलन्स व्यवस्थेची मागणी करणारी पुस्तिका छापली आणि ती देशभर पोहोचवली. ११ मार्च १८६४ला अमेरिकी संसदेचा कायदा झाला आणि लेटरमन यांची रचना साऱ्या सैन्याला लागू झाली. त्यात ५०० किंवा अधिक सैनिकांच्या पायदळ रेजिमेंटला तीन ॲम्ब्युलन्स असं प्रमाणच बांधून दिलं. त्याच वर्षी २२ ऑगस्टला जिनिव्हात १२ देशांनी दहा कलमांच्या करारावर सह्या केल्या. ॲम्ब्युलन्स आणि लष्करी इस्पितळं तटस्थ मानावीत, हे त्याचं पहिलंच कलम.

लेटरमन यांनी स्वतः १८६४च्या जानेवारीतच ते पद सोडलं होतं. १८७२मध्ये ४७व्या वर्षी ते वारले.

इथे थांबलं असतं तर ही प्रगतीची सरळ रेषा झाली असती. ती तशी नव्हती, हे आपल्याकडच्या माणसांच्या वाट्याला आलेल्या आकड्यांवरून कळतं.

पहिल्या महायुद्धात, १९१५च्या नोव्हेंबरात, ब्रिटिश हिंदुस्थानची सहावी डिव्हिजन, नाव 'पूना डिव्हिजन', मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, तैग्रिस नदीच्या काठाने बगदादच्या दिशेने चालली होती. तिच्यात १०३वी मराठा लाइट इन्फंट्री होती, ११०वी मराठा लाइट इन्फंट्री होती आणि ११७वी मराठा पलटण होती. कोकण आणि देशावरची पोरं. २२ नोव्हेंबरला बगदादच्या अलीकडे, सलमान पाकजवळ, तुर्कांशी टेसिफॉनची लढाई जुंपली. सुमारे १४,००० लढणाऱ्यांतले साडेचार हजारांहून अधिक मेले किंवा जखमी झाले. म्हणजे जवळजवळ तीन माणसांत एक.

आता वरचे सगळे आकडे डोळ्यांसमोर ठेवून या जखमींकडे पाहा. लारे यांची स्प्रिंगांवरची गाडी १७९७ची. लेटरमन यांचा आदेश ५३ वर्षांपूर्वीचा. जिनिव्हा करार ५१ वर्षांपूर्वीचा. आणि ११७व्या पलटणीतल्या मांडी फुटलेल्या शिपायाला न्यायला मिळाली ती खेचरं जोडलेली, लोखंडी सांगाड्याची, सामान वाहायची दोन चाकी गाडी. स्प्रिंग नाही, गादी नाही, छत नाही. उघड्या, भेगाळलेल्या जमिनीवरून अशा गाडीत मैलोगणती गेल्यावर नदी यायची. नदीवर एकही खास इस्पितळ-बोट नव्हती. वर येताना माणसं, जनावरं आणि सामान घेऊन आलेल्या बोटी आणि पडाव होते, त्यांच्यावरच जखमींना दाटीवाटीने ठेवलं. वाटेत काठावरून गोळीबार, उथळ पाण्यात बोटी रुतणं. बसऱ्याला पोहोचायला १३ दिवसांपर्यंत लागले.

बसऱ्याला 'वरेला' या इस्पितळ-जहाजावर मेजर मार्कहॅम कार्टर हे इंडियन मेडिकल सर्व्हिसचे डॉक्टर होते. 'मेजिदिये' ही बोट जवळ येताना त्यांना दिसली. दुरून वाटलं, तिच्या कडेने दोरखंड लोंबताहेत. बोट आणखी जवळ आली तेव्हा कळलं की ती जखमींची वाळलेली विष्ठा आहे. हातपाय मोडलेल्या, जागेवरून हलू न शकणाऱ्या माणसांना ती दुसरीकडे कुठे करता येणार होती? डेकवर छप्पर नव्हतं, अंथरूण नव्हतं. पहिली मलमपट्टी बांधली गेल्यावर ती पुन्हा कोणी सोडलीच नव्हती आणि कित्येक जखमांत अळ्या पडल्या होत्या.

कार्टर यांनी जे पाहिलं ते लिहून वर कळवलं. वरिष्ठांनी त्यांना अटकेची धमकी दिली. त्याच डिसेंबरात मोहिमेच्या सेनापतींकडून तार गेली होती: जखमींची समाधानकारक व्यवस्था लागली आहे, वैद्यकीय व्यवस्थेने अडचणीतही उत्तम काम केलं. पुढे कुप्रसिद्ध झालेल्या त्या वाक्यांत किती जखमी, किती गाड्या, किती तास, यांतलं काहीच नव्हतं.

नदीतल्या बोटी वैद्यकीय खात्याच्या हुकमात नव्हत्या. जमिनीवरच्या खेचरगाड्याही नव्हत्या. दोन्ही फौजेच्या वाहतुकीच्या, आणि वाहतुकीला आधी दारूगोळा, मग शिधा, मग माघार घेणारी फौज. लेटरमन यांनी ज्या खात्याच्या हातातून लगाम काढला होता, मेसोपोटेमियात तो पुन्हा त्याच हाती होता.

या प्रकाराच्या चौकशीसाठी लंडनमध्ये १९१६मध्ये आयोग नेमला गेला आणि १९१७च्या उन्हाळ्यात त्याचा अहवाल छापून निघाला. कार्टर यांची साक्ष त्यात होती. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी जुलैमध्ये राजीनामा दिला. तोवर तैग्रिसवर इस्पितळ-बोटी आल्या होत्या, जमिनीवर मोटार ॲम्ब्युलन्सही धावू लागल्या होत्या. पूना डिव्हिजनच्या त्या तिन्ही मराठा पलटणी मात्र टेसिफॉनहून मागे हटून तैग्रिसकाठच्या कूट गावी तुर्कांच्या वेढ्यात सापडल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ला कूट पडलं. अहवाल लंडनमध्ये विकला जात होता तेव्हा त्या पलटणींतली वाचलेली माणसं तुर्कांच्या कैदेत होती.